क्रीक रूमच्या दारात धुरपाकाकू

पहिल्याच भेटीत धुरपाकाकूंनी माझ्या माईकवर ओला पंचा टाकला. पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसा. विचुंब्याला एका हळदीच्या मांडवात मी उभा होतो आणि 'उपस्थित मान्यवर' या शब्दांपर्यंत पोहोचलो होतो. पुढे मान्यवरांची नावं यायची होती. त्या नावांसाठीच मला बोलावलं होतं. पनवेल परिसरात लग्न, साखरपुडा, बारसं, दुकानाचं उद्घाटन, काहीही असो, माईक धरायला मी असतो. माझ्या आवाजाला लोक वजनदार म्हणतात. तो वजनदार आवाज पंचाखाली गुदमरला आणि समोर एक बुटकी, काळीसावळी, गुडघ्याशी लुगडं खोचलेली म्हातारी माझ्याकडे दयेने बघत होती.

"झोपू दे त्याला आथा," ती म्हणाली. "बिचारा सकालधरना बोलतंय."

मांडवातल्या सगळ्या बायका हसल्या. मी अपमान गिळून बाजूला झालो. म्हातारी पाटावर बसली, डोळे मिटले आणि गायला लागली. सूर असा की शेजारच्या टॉवरच्या गच्चीवर प्लास्टर करणारे गवंडीसुद्धा थापी थांबवून खाली बघायला लागले. माझे दोन मोठे स्पीकर तिच्या दोन्ही बाजूंना मुके उभे होते, एखाद्या राणीचे भालदार-चोपदार असावेत तसे.

ज्यांनी आगरी लग्न पाहिलेलं नाही त्यांना सांगतो. भटजी मंगलाष्टकं म्हणतात ती म्हणतात, पण लग्न लावते ती धवलारीण. हळदीपासून तिचे धवळे, म्हणजे लग्नातली आवाहनाची गाणी, सुरू होतात. गावदेवीला, वेशीवरच्या देवाला, घरातल्या जित्या आणि मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन ती लग्नाला बोलावते. ज्याचं नाव धवळ्यात आलं, तो लग्नाला आला. ज्याचं आलं नाही, तो पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसलेला असला तरी आलेला नाही. आणि सगळ्या जगाला आमंत्रण देणारी ही बाई स्वतः आमंत्रणाशिवाय कुठे जात नाही. घरच्या कर्त्या पुरुषाने नारळ-सुपारी घेऊन तिच्या दारी जायचं आणि 'चला' म्हणायचं. याला मूळ म्हणतात. "सुपारीबिगर देव येत नाय," काकू म्हणायच्या, "मी कशी येन?"

त्या दिवसानंतर आमची गट्टी जमली. लग्नसराईत आम्ही एकाच मांडवात भेटायचो, मी माझ्या बंदगळ्यात आणि त्या अबोलीच्या गजऱ्यात. त्या मला 'मायकवाल्या' म्हणायच्या. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही आणि मलाही ते सांगावंसं वाटलं नाही.

काकूंचा खरा गुण मात्र गाणं नव्हता. तो होता राग ठेवणं. राग येणं वेगळं, तो कुणालाही येतो. काकू राग सांभाळायच्या. पनवेलच्या बाजारात एका दुकानदाराने त्यांना कधीकाळी वाकडं सूप विकलं होतं, आणि परत न्यायला गेल्यावर 'तुमची नजर वाकडी' म्हणाला होता. तेव्हापासून त्या दुकानासमोरून त्या चालल्या नाहीत. बाजारात कितीही गर्दी असो, त्या रस्ता ओलांडून समोरच्या बाजूने जायच्या आणि पुढे गेल्यावर पुन्हा ओलांडून यायच्या. मग दुकानदार वारला. मुलांनी सुपं-टोपल्या काढून मोबाईलचं दुकान थाटलं. काकू तरीही रस्ता ओलांडायच्या. एकदा रिक्षाखाली येता येता वाचल्या तेव्हा मी म्हटलं, आता तरी सोडा, दुकान बदललं. त्या म्हणाल्या, दुकान बदलला, उंबरा तोच हाय.

वर हेही सांगितलं, "राग लोनच्यासारका ठेवायचा, मायकवाल्या. वरती तेल पायजे. तेल नसला की बुरशी येते." काकूंचं तेल म्हणजे त्यांचं हसू. ज्याच्यावर त्या सगळ्यात जास्त चिडलेल्या असत, त्याच्याशी सगळ्यात गोड बोलत. त्यामुळे पंचक्रोशीतली शहाणी माणसं काकू गोड बोलल्या की घरी जाऊन आपण काय चुकलो याचा विचार करत.

प्रकाशशेठ भोईर शहाणे नव्हते.

तसे मोकळ्या हाताचे, दिलदार. तळोज्याच्या बाजूला त्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या, गळ्यात साखळी, बोलणं मोठ्याने, हसणं त्याहून मोठ्याने. काकूंनी त्यांचं लग्न लावलं होतं. त्यांच्या दोन्ही मुलांच्या बारशाला पाळण्याची दोरी काकूंच्या हातात होती. प्रकाशशेठची आई मंजुळाआजी ही काकूंची मैत्रीण, दोघी पोरवयात मिठागरात एकत्र मीठ ओढलेल्या. तर या प्रकाशशेठना अलीकडे सभासदत्व मिळालं होतं. कशाचं, ते नीट सांगतो, कारण मजा तिथे आहे.

पनवेलवरून हायवेने थोडं पुढे गेलं की एक मोठं थीम पार्क आहे. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, प्लास्टिकचे डायनासोर, आणि आकाशात उलटी होऊन जाणारी ती रोलर कोस्टर. तिच्या बरोबर खाली थर्माकोलचा वाटावा असा एक किल्ला आहे. त्या किल्ल्याच्या मागचा जिना चढून गेलं की पाटी नसलेलं एक काळं दार आहे. त्या दाराआड क्रीक रूम. फक्त सभासदांसाठी कॉकटेल लाउंज. कुणीही तिकीट काढून आत जाऊ शकत नाही. आधी सभासदांनी तुम्हाला सभासद करून घ्यावं लागतं. सभासदाबरोबर पाहुणा आला तर दारातच सभासदाने त्याचं नाव आणि आपलं नातं सांगायचं, म्हणजे दारावरची मुलगी हसून बाजूला होते. तिथे माईक चालत नाही. तिथे कुजबुजतात.

आत अंधार, पिवळे दिवे, आणि भिंतीवर सजावटीला काय, तर खाडीतली जाळी. खरी, वापरलेली, बोयांसकट. कोपऱ्यात एक अख्खी होडी कापून तिचा बार केलेला. गंमत ही की दर थोड्या वेळाने छतावरून कोस्टर जाते. मग शंभर माणसं जिवाच्या आकांताने किंचाळतात, टेबलांवरचे ग्लास थरथरतात, आणि आतले सभासद काही ऐकूच आलं नाही असा चेहरा करून घुटका घेतात. ऐकू न आल्याचा चेहरा हीच तिथली खरी वर्गणी असावी.

प्रकाशशेठच्या तन्वीचं लग्न पुण्याच्या एका घरात ठरलं. व्याह्यांना आपली ऐट दाखवायला त्यांनी क्रीक रूममध्ये छोटा समारंभ ठेवला आणि कुजबुजत निवेदन करायला मला बोलावलं. मी आधीच जाऊन आत दाराशी थांबलो होतो. मंजुळाआजींचे गुडघे गेलेले, त्यांना इतका जिना चढवेना. त्यांनी आपल्या जागी धुरपाकाकूंना पाठवलं, विहीणबाईंना नीट बघून ये म्हणून. काकूंबरोबर त्यांच्या दिराची लेक होती, कल्पना. चाळिशीची, तळोज्यात एका कंपनीत पॅकिंगला, काकूंकडेच राहायची, आणि त्यांच्या मागे बसून धवळ्यात सूर धरायची.

काकू नटून आल्या होत्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, पाय मात्र नेहमीसारखे अनवाणी. त्यांनी मला दारातून पाहिलं आणि हात हलवला. दारावरच्या मुलीने प्रकाशशेठना अदबीने विचारलं, सर, या पाहुण्यांचं नाव आणि नातं?

प्रकाशशेठच्या मागे पुण्याची मंडळी उभी होती, लिननच्या कपड्यांत, मंद वासांची. प्रकाशशेठनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा काकूंच्या पायांकडे.

"आमच्याकडे कामाला असते," ते म्हणाले. "आईने पाठवली. हिला खाली फूड कोर्टात बसवा."

काकू हसल्या. मला ते हसू माहीत होतं. त्या प्रकाशशेठना गोड आवाजात म्हणाल्या, बरा बाला, आमी खाली बसतो. आणि कल्पनाचा हात धरून जिना उतरल्या. व्याही आत आले, दार लागलं, वरून कोस्टर गेली, शंभर माणसं किंचाळली.

कार्यक्रम आटोपून मी धावत फूड कोर्टात गेलो. काकू एका लाल प्लास्टिकच्या बाकावर बसून शांतपणे आइस्क्रीम खात होत्या. कल्पनाच्या पुढ्यातलं आइस्क्रीम वितळून गेलं होतं. मी काहीबाही समजूत घालायला लागलो. काकूंनी चमचा चाटूनपुसून कागदी वाटीत ठेवला.

"ज्या दारात बोल्ला, त्याच दारात," त्या म्हणाल्या. "त्याच लोकांसमोर. मी त्याची कोन, ता त्याच्या तोंडान सांगंल. त्याबिगर त्याच्या मांडवात माजा तोंड उघरनार नाय."

मी विचारलं, आणि त्याने नाहीच सांगितलं तर? काकू म्हणाल्या, मंग तन्वी तशीच राहील, हलदीबिगर. मला वाटलं बोलण्याच्या भरात म्हणाल्या. मी काकूंना तोवर पुरता ओळखत नव्हतो.

लग्न त्याच पार्कच्या हिरवळीवर ठरलं. हळद तिथेच, दोन्हीकडचे पाहुणे तिथल्याच हॉटेलात. प्रकाशशेठना आपण कुणाचा अपमान केला आहे याचा पत्ताही नव्हता. त्यांनी रीतीप्रमाणे मूळ पाठवलं. पाठवलं म्हणजे ड्रायव्हरच्या हाती नारळ-सुपारी दिली. काकूंनी ड्रायव्हरला चहा पाजला, बिस्किटं दिली, त्याच्या पोरांची चौकशी केली आणि नारळ परत त्याच्या हातात ठेवला. निरोप असा, मूल डायवरच्या हातान पाठवतात, मंग लगीन पन डायवरचाच लाव.

प्रकाशशेठ हसले. म्हणाले, म्हातारी रुसली, दुसरी बघू. तिथे त्यांचं हसू अडकलं. आसपासच्या सगळ्या गावांतल्या धवलारणींचे घसे एकाच आठवड्यात बसले. एकीला म्हणे ताप, एकीच्या घरी सुतक, एकीला एकाएकी तीर्थयात्रा आठवली. घसा बसलेल्यांपैकी एक मला पनवेलच्या मासळी बाजारात बोंबलांच्या वाट्यावरून भांडताना दिसली. आवाज एसटी स्टँडपर्यंत जात होता. एका धवलारणीने ज्या घरची लग्नं लावली, त्या घरात तिच्या हयातीत दुसरी पाऊल टाकत नाही, अशी त्यांची रीत. आणि काकूंनी सगळ्या जणींकडे स्वतः जाऊन त्या रीतीची आठवण करून दिली होती. गोड बोलून.

मंजुळाआजींनी मुलाला सांगितलं, धुरपाला तू जाऊन आण. प्रकाशशेठ म्हणाले, आणतो, पण गेले नाहीत. तिच्या दारात जाऊन वाकायचं म्हणजे तिने वर बसून आपल्याला चार गोष्टी सुनवायच्या, हे त्यांना परवडेना. मग त्यांच्या कार्यक्रमवाल्या पोरांनी तोडगा काढला. हल्ली सगळं मोबाईलवर मिळतं, धवळेही रेकॉर्ड करून लावू. प्रकाशशेठना ही युक्ती फार आवडली. त्यांनी मला फोन केला. तुमच्याकडे असेल तिची एखादी क्लिप, पाठवा. तिचाच आवाज लावू, तिच्याशिवाय. आणि मोठ्याने हसले.

मी फोन ठेवला आणि सरळ विचुंब्याला काकूंच्या घरी गेलो. काकू अंगणात सुकट निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता ज्वालामुखी फुटेल. काकूंनी सुकटीतला एक खडा उचलून बाजूला फेकला आणि कल्पनाला म्हणाल्या, त्या हरेशच्या पोरीच्या हलदीचा हाय ना तुज्याकडं? तोच दे. आवाज चांगला लागलाय त्यात.

हरेश भोईर म्हणजे प्रकाशशेठचा चुलतभाऊ. दोन घरांत बांधावरून वाद, तो वाद बापांच्या वेळेपासून कोर्टात. एकमेकांच्या मयतालाही न जाणारी माणसं. आणि धवळ्यात तर घरातल्या सगळ्यांची नावं असतात, जित्यांची आणि मेलेल्यांची. मी कल्पनाकडे पाहिलं. ती क्लिप शोधत होती आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलत होता. मग मी काकूंकडे पाहिलं. त्या सुकट निवडत होत्या.

घरी येऊन मी ती क्लिप कान देऊन दोनदा ऐकली. खरंच आवाज चांगला लागला होता. मी ती प्रकाशशेठना पाठवली. त्यांनी अंगठा पाठवला. मी साधू नाही, कलावंत आहे. असा प्रयोग आयुष्यात पुन्हा मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यांनी आधी ऐकली नाही? इथेच तर मेख आहे. धवळे पुरुष ऐकतच नाहीत. बायका मांडवात गात असतात तेव्हा पुरुष मांडवाबाहेर खुर्च्या ओढून बसलेले असतात आणि आतून येणारा तो सूर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा असतो. प्रकाशशेठनी स्वतःच्या लग्नापासून शेकडो वेळा धवळे 'ऐकले' होते. त्यात नावं असतात हे त्यांना माहीत होतं, पण नावं कुणाची असतात याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. बायकांचं काहीतरी चालतं, एवढंच.

हळदीची दुपार. हिरवळीवर पिवळा मांडव, झेंडूच्या माळा, डीजेचे डोंगराएवढे स्पीकर. तन्वी पाटावर. मंजुळाआजींना खुर्चीवर उचलून आणलेलं, हातात हळदीची वाटी. मी माईकवरून सगळ्यांचं स्वागत केलं आणि अत्यंत भावपूर्ण आवाजात सांगितलं की आता धवळे होतील. डीजेने बटण दाबलं.

काकूंचा आवाज मांडवभर पसरला. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. गावदेवीला आमंत्रण झालं, वेशीच्या देवाला झालं. मग घरची माणसं सुरू झाली. काकूंच्या त्या तापलेल्या, लखलखीत आवाजाने बोलावलं हरेशच्या बापाला. ये गोविंदबाबा, बस मांडवात, तुजी नात हलदीची, हात ठेव तिच्या माथ्यावर. मागोमाग हरेशच्या आईला, हरेशच्या सासऱ्याला, एकेकाला नावानिशी. प्रकाशशेठच्या पैशाने, प्रकाशशेठच्या मांडवात, प्रकाशशेठच्या स्पीकरवरून.

आधी बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीने तोंडात पदर कोंबला. मंजुळाआजींनी कान टवकारले. ज्या दिराने आयुष्यभर त्यांच्या नवऱ्याला कोर्टात ओढलं, त्या दिराच्या भुताला त्यांच्या नातीच्या हळदीला पाट मांडला होता. म्हातारीने वाटी खाली ठेवली आणि काठी आपटली. डीजे थांबला.

"परकास," आजी म्हणाल्या, "धुरपा येईपर्यंत माज्या नातीच्या अंगाला हलद लागनार नाय."

प्रकाशशेठ बाहेरून धावत आले. काय झालं ते त्यांना कळेना, कारण त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. बायकांनी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघायचं ठरवलं आणि बघत राहिलो. मुहूर्त चालला होता. तन्वी पाटावर बसून रडकुंडीला आली होती. प्रकाशशेठनी मला बाजूला घेतलं, लावा फोन तिला.

मी लावला. काकूंनी पहिल्याच घंटीला उचलला. म्हणाल्या, मी लुगरा नेसून बसलेय, गारी पाठव. पन मांडवात नाय येनार मी. त्या काल्या दारात येन. परकासला सांग, नारल घेऊन तिथं ये.

प्रकाशशेठ म्हणाले, दारात कशाला, इथे देतो ना मूळ. पाया पडतो हवं तर. मी तसं काकूंना सांगायला गेलो, तर फोन बंद झाला होता. मंजुळाआजींनी मुलाकडे न बघता काठीने किल्ल्याची दिशा दाखवली.

पुण्याची वडीलधारी मंडळी तेव्हा क्रीक रूममध्येच बसली होती, इकडची हळद झाली की तिकडची सुरू व्हायची म्हणून वाट बघत. काकू गाडीतून उतरल्या, कल्पना मागे. हळदीच्या मांडवातल्या सगळ्या बायका उठून त्यांच्यामागे चालायला लागल्या. झोपाळ्यांवरची पोरं, पॉपकॉर्नवाले, डायनासोरच्या पोटातून डोकावणारा कामगार, सगळे बघत होते. मी सगळ्यात पुढे. माईक नव्हता तरी माझं चालणं मिरवणुकीचं होतं, हे मला मान्य केलं पाहिजे.

दार उघडं केलेलं. आत पुण्याचे व्याही ग्लास हातात घेऊन वळून पाहत होते. दारावर तीच मुलगी. प्रकाशशेठ ताटात नारळ, सुपारी, हळदकुंकू घेऊन उभे. मुलीने नियमाप्रमाणे विचारलं, सर, पाहुण्यांचं नाव आणि नातं?

प्रकाशशेठ काहीतरी पुटपुटले. नेमकी त्याच वेळी डोक्यावरून कोस्टर गेली आणि शंभर माणसं किंचाळली.

"ऐकू नाय आला," काकू म्हणाल्या.

कोस्टर दूर गेली. आता इतकी शांतता झाली की आत बर्फ विरघळताना ऐकू यावा.

"धुरपाबाई म्हात्रे," प्रकाशशेठ म्हणाले. "आमच्या घरची धवलारीण. माझं लग्न यांनी लावलंय. माझ्या मुलीचं यांच्याशिवाय लागणार नाही."

"आनि त्या दिवशी कोन व्हती मी?"

प्रकाशशेठच्या हातातल्या ताटातली सुपारी घरंगळली. आतून विहीणबाई उठून दारापर्यंत आल्या होत्या.

"काकी, त्या दिवशी मी खोटं बोललो."

काकू हसल्या नाहीत. तेल संपलं होतं. त्यांनी खाली वाकून सुपारी उचलली, नारळ ओटीत घेतला आणि क्रीक रूममध्ये अनवाणी पाऊल ठेवलं. त्यांच्यामागून सगळ्या बायका. त्या दारावरच्या मुलीने एकीचंही नाव विचारलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि मला वाटतं तिला हसू येत होतं.

काकू होडीच्या बारपाशी बसल्या. भिंतीवरच्या जाळीचा एक फाटका डोळा बोटाने बघितला आणि म्हणाल्या, ही सांधायला आली नाय यांना. मग म्हणाल्या, या लोकांना काय देता ता मना पन दे. बारवाल्याने ग्लासच्या कडेला मीठ लावून काहीतरी हिरवं पुढे केलं. काकूंनी जिभेने मीठ चाखलं, मग पेय चाखलं. विहीणबाईंनी आदराने विचारलं, कसं आहे? काकू म्हणाल्या, मीठ आमचाच हाय, बाकी ताडी नासलेली दिसते. विहीणबाई इतक्या जोरात हसल्या की त्यांचा लिननचा मंदपणा त्याच दिवशी संपला. पुढे काकू आणि त्या फोनवरही बोलायच्या.

मग हळद झाली. काकू बसल्या, कल्पना मागे बसली. असं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. देव आले, आज्या आल्या, पणज्या आल्या, ज्यांची नावं घरात कुणाला आठवत नव्हती तीही आली. मंजुळाआजींच्या डोळ्यांतून पाणी. आयुष्यात पहिल्यांदा प्रकाशशेठ मांडवात उभे राहून, हात जोडून, कान देऊन धवळे ऐकत होते. आपलं नाव यायची वाट बघत होते.

तन्वी ही मंजुळाची नात झाली. आपल्या आईची लेक झाली. भावाची बहीण झाली. मामाची भाची झाली. धवळा पुढे गेला. हळद लागली.

प्रकाशशेठनी जोडलेले हात बराच वेळ तसेच ठेवले. बायकांपैकी एकीनेही त्यांच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. परतताना गाडीत मी काकूंना म्हटलं, त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं, तरी? काकू खिडकीतून पार्कचे पाळणे बघत होत्या. म्हणाल्या, मी मूल घेतला, माफी कुठं घेतली? माफी नारलाबरोबर फुकट येत नाय.

मागच्या वर्षी काकू गेल्या. थोड्या आजारात, कुणाला फार त्रास न देता. प्रकाशशेठ मयताला आले, उभे राहून सगळं केलं, बाराव्यापर्यंत रोज आले. त्यांचा तोरा गेला होता असं म्हणणार नाही, पण धवळे सुरू झाले की ते आता मांडवात येऊन उभे राहतात, इतरांच्या लग्नातही. मधल्या काळात त्यांनी काकूंकडे किती चकरा मारल्या, हे मला माहीत आहे. काकू त्यांना चहा द्यायच्या, बिस्किटं द्यायच्या.

या हिवाळ्यात प्रकाशशेठच्या मुलाचं लग्न झालं. या वेळी मूळ द्यायला प्रकाशशेठ स्वतः गेले, चालत, चपला अंगणाबाहेर काढून. आता धवलारीण कल्पना. ते तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि नारळ-सुपारी ठेवून 'चल बाय' म्हणाले. कल्पनाने नारळ घेतला, कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आली.

तिचा आवाज काकूंइतका मोठा नाही, पण धार तीच. मी माईक बंद करून बाजूला उभा होतो. देव आले, मंजुळाआजी आता मेलेल्यांत आल्या, धुरपाकाकूही आल्या. प्रकाशशेठ हात जोडून उभे. नवरदेव मंजुळाचा नातू झाला. आईचा लेक झाला. तन्वीचा भाऊ झाला. मामाचा भाचा झाला. धवळा पुढे गेला.

हळद संपल्यावर मी कल्पनाला गेटपाशी गाठलं. म्हटलं, काकूंनी असंच शिकवून ठेवलं होतं ना? मरतानाही सोडलं नाही म्हातारीने.

कल्पना सुपातले तांदूळ पिशवीत ओतत होती.

"नाय," ती म्हणाली. "काकू जाताना बोल्लेली, आथा परकासचा नाव घे. बस झाला."

मी विचारलं, मग घेतलं का नाहीस?

"त्या दारात काकू एकटीच व्हती काय?" कल्पना म्हणाली. "तिचा फिटला. माजा कुठं फिटलाय?"

तिने पिशवीला गाठ मारली, मला गोड हसून दाखवलं, आणि दुसरी पाळी गाठायला तळोज्याच्या रिक्षेला हात केला.